पाहिले

दांडिया बाजारात रसिकभाईंच्या घड्याळाच्या दुकानात
संध्याकाळी साडेसहाला,
म्हणजे भिंतीवरच्या घड्याळांप्रमाणे
सव्वाचार, पावणेनऊ आणि बाराला,
साम्राज्यं कोसळायला लागतात.

खासगीवाले वकील रोम घेतात.
आडनावात अजून कुणा सरकारांची तिजोरी,
राहायला भाड्याच्या दोन खोल्या.
नाणं पातळ झालं की राजा पातळ होतो, म्हणतात.
चांदी कमी, तांबं जास्त,
वरचा मुखवटा मात्र तोच, तसाच नाकेला.
पुरावा म्हणून खिशातलं दहाचं नाणं दाताखाली धरतात.
दात कवळीचे आहेत.

ईशानी, त्यांची नात, म्हणते,
आजोबा, सिंधूकाठी कुणी चालूनसुद्धा आलं नसेल.
पाणी लांब गेलं.
विहिरी हात-हात खोल करत राहिले लोक
आणि एका सकाळी भांडी उचलून निघाले.
जाताना दारं ओढून घेतली असतील का,
एवढंच तिला कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

रसिकभाई डोळ्याला भिंग लावून, मान वर न करता:
"भांडी घेतली ने? मग कशाला दारं?"

तुळपुळे ओव्हरसियर, ड्रेनेज खातं, निवृत्त,
बशीतल्या चहावर फुंकर घालतात.
विजयनगर का बुडालं, तुळपुळे?
"विजयनगर मला ठाऊक नाही.
मला विश्वामित्री ठाऊक आहे."

पुढे बोलत नाहीत. बोलायची गरज नसते.
त्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
स्कूटरच्या रांगेत मगर निजली होती,
मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्या सभासदासारखी
निवांत.
आम्ही तिसऱ्या मजल्यावरून फोटो काढले.
तळमजल्यावरच्या इनामदारबाईंचा
शिवणाचा धंदा, चार मशिनी, लग्नाचे अकरा ब्लाउज
गाळात गेले. त्यानंतर त्या दाहोदला लेकीकडे गेल्या.
दार ओढून घेतलं होतं त्यांनी.
मी पाहिलं.

आता हे सांगायला हवं.
मी आवक-जावकला होते, सत्तावीस वर्षं.
तुळपुळ्यांची तीन पत्रं माझ्या टेबलावरून गेली.
काठावर भराव पडतोय, पात्र अरुंद होतंय,
पाणी जागा मागायला येईल, असं काहीसं;
तिसऱ्यात तर "कृपया" दोनदा.
तिन्हींवर साहेबांनी लिहिलं: पाहिले.
मी तारीख घातली, भोक पाडलं, दोरी ओवली.
माझ्या गाठी कधी सुटल्या नाहीत,
पुरातसुद्धा.

पाहिले.
शाळेत ताम्हणेबाई शिकवायच्या,
भावे प्रयोगात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही,
ना कर्त्याचं, ना कर्माचं.
आम्ही पन्नास मुली घोकत होतो, खिडकीबाहेर बघत.
सरकारं कशी चालतात ते सांगत होत्या बाई
आणि आम्हाला वाटलं, मार्कांपुरतं आहे.

तुळपुळ्यांनी मला कधी विचारलं नाही.
अर्धी बशी पुढे सरकवतात, रोज.
तेच जास्त जड जातं.

काल मी अर्ज घेऊन गेले जुन्या कचेरीत.
आमच्या कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण, दीड महिना उघडं;
शाळेची रिक्षा तिथूनच वळते.
माझ्या खुर्चीवर एक मुलगा, कानात वायर.
आता हातानं लिहीत नाहीत, शिक्का आहे.
ठप्प.

"कुणी?" मी म्हटलं.
त्यानं एका कानातली वायर काढली. "काय, मावशी?"
"पाहिले, ते कुणी? नाव घाल खाली."
"तसा कॉलम नाही."
"मग समासात लिही."

तो माझ्याकडे बघत राहिला.
मागे रांग होती, कुणीतरी च्यक केलं,
पंख्याखाली कागद फडफडले.
मी हलले नाही.